मदत कोणाची?

आमच्या कॉम्प्युटरच्या वर्गात पहिल्याच तासाला मी नियम सांगते. प्रोग्रॅम स्वतः लिहायचा. कोणाची मदत घेतली असेल, तर त्याचं नाव प्रोग्रॅमच्या अगदी वर लिहायचं. नाव लपवलं तर शून्य. नकला थांबाव्यात म्हणून मीच केलेला हा नियम, जरा खडूसच.

काल लॅबमध्ये प्रोग्रॅम जमा करायच्या आधी एक मुलगी माझ्याजवळ आली. चेहरा उतरलेला.

"मॅडम, आईचं नाव लिहावं लागेल का?"

"आईला प्रोग्रॅमिंग येतं?"

"नाही हो मॅडम. ती मेथी निवडत होती. माझं काही केल्या उत्तर येईना, म्हणून मी तिला पहिल्यापासून सगळं सांगत बसले. ती नुसती 'हं, मग?' म्हणत होती. सांगता सांगता माझी चूक मलाच दिसली."

मागची मुलं हसली. मला काही हसू आलं नाही. आपल्या कितीतरी गाठी अशाच कोणाच्या तरी 'हं, मग?'मुळे सुटलेल्या असतात, आणि आपण मात्र 'माझं मीच केलं' म्हणून मिरवतो.

"लिही," मी म्हटलं.

तिने जागेवर जाऊन आईचं पूर्ण नाव टाइप केलं, अगदी सावकाश. मग प्रोग्रॅम चालवला. उत्तर बरोबर आलं.

मदतीची ती ओळ कॉम्प्युटर कधीच वाचत नाही, सोडून पुढे जातो. ती फक्त माणसांनी वाचायची असते.