माहीत आहे म्हणूनच
हळदीचा वास आला की मी कामाला होते ते वसमतचं इंटरनेट कॅफे आठवतं. मोंढ्यातल्या, म्हणजे हळदीच्या बाजारातल्या माणसांच्या बोटांनी आमचे कीबोर्ड पिवळे व्हायचे. सगळ्यांची ईमेल खाती मीच उघडून द्यायचे, त्यामुळे पासवर्ड मला पाठ असायचे. एका दुपारी कॉलेजातल्या एका मुलीचा भाऊ आला. त्याला तिचे मेल वाचायचे होते. “ताई, पासवर्ड तुमाला म्हाईत हाये. काहून लपवून राहिल्या?” मालक खाली बघत बसले. मी म्हटलं, “म्हाईत हाये, म्हणूनच सांगणार न्हाई.” तो खुर्ची लाथाडून गेला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी नवा पासवर्ड टाकायला लावला आणि ती तो टाकेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आज पुण्यातल्या कंपनीत एखादा साहेब ग्राहकाची माहिती ‘जरा दाखवा’ म्हणतो, तेव्हा माझ्या तोंडून वसमतचंच ‘न्हाई’ निघतं.