उखर्डूची जागा

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी, होळी होऊन आठवडा झाला होता, तेव्हा आमच्या पलटणीच्या बँडला धुळ्याला जाण्याचा हुकूम आला. काम भरतीचं. बाजाराच्या दिवशी गावोगाव जायचं, चौकात ड्रम आणि बिगुल वाजवायचे, माणसं जमली की भरती अफसर बोलणार. चाळीसगावला गाडी बदलून आम्ही सकाळी साडेनऊला धुळ्याला उतरलो. पांझरा नदीच्या काठी, गावाबाहेरच्या मैदानात तंबू लागले. एकूण अठ्ठावीस जण होतो.

मी पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला. घरी कपाशी आणि ज्वारी. पलटणीत मी साइड ड्रम वाजवायचो. ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो उखर्डू. तो सावद्याकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. तोही साइड ड्रमवर. दोघं एकाच दिवशी भरती झालो होतो, एकाच दिवशी आमच्या हातात काड्या दिल्या होत्या. खानदेशचे आम्ही दोघंच, म्हणून सगळे आम्हाला जोडी म्हणायचे. मला ते आवडत नसे. जोडीत एक नेहमी पुढे असतो, आणि तो मी नव्हतो.

आम्हाला शिकवणारे दोन उस्ताद होते. हवालदार घाडगे आणि लान्स हवालदार शेलार.

घाडगे उस्ताद पन्नाशीला टेकलेले. सव्वापाचला परेड. दोन तास नुसता रोल, म्हणजे दोन्ही काड्यांचा अखंड कडकडाट, तोही लाकडी फळीवर. खिशातलं घड्याळ हातात धरून ते समोर उभे राहायचे. चुकलं की एकच शब्द, "पुन्हा." शिवी नाही, हात उगारणं नाही. पण सोडायचेही नाहीत. एकदा माझा डावा हात मागे पडत होता, तर सगळे चहाला गेले आणि मला त्यांनी साडेआठपर्यंत थांबवलं. त्या दिवशी त्यांनीही चहा घेतला नव्हता, हे मला दिसलं होतं. तरी माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. उखर्डूनं एकदा वाजवलं की ते म्हणायचे, "ठीक." मला मात्र "पुन्हा". मी मोजायचो. एका सकाळी मला एकवीस वेळा "पुन्हा" आणि त्याला तीन वेळा "ठीक" मिळालं होतं.

मी उखर्डूला एकदा विचारलं, "तुले इतलं कसं येस रे?"

"मले काय माहीत," तो म्हणाला. "हात चालतो, बस."

हे तो मिजाशीनं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो खरंच तसं समजत होता.

एप्रिल लागला तेव्हा सुभेदारसाहेबांनी सांगितलं की मे महिन्यात जळगावला कर्नलसाहेबांसमोर चढाओढ होईल. बँडचे दोन सेक्शन करायचे, चौदा-चौदाचे. जो सेक्शन जिंकेल तो बँडमध्ये राहील. हरलेला मोडून त्यातले लोक रायफल कंपन्यांत जातील, कारण पलटण आता ब्रह्मदेशात जाणार होती आणि माणसं कमी पडत होती. जिंकणाऱ्या सेक्शनच्या पुढच्या ड्रमरला लान्स नाईकची फीत मिळणार होती.

एक सेक्शन घाडगे उस्तादांकडे, एक शेलार उस्तादांकडे. कुणाकडे जायचं ते आधी आम्हाला विचारलं. उखर्डूनं घाडगे उस्तादांचं नाव घेतलं. मी शेलार उस्तादांचं घेतलं. कारण साधं होतं. तिथं उखर्डू नव्हता.

शेलार उस्ताद तिशीचे, उंच, दिसायला रुबाबदार. त्यांचा सेक्शन जोरात वाजवायचा, झपाट्यानं चालायचा. त्यांच्या हातात वेताची छडी असे. पहिल्याच दिवशी त्यांनी एका बिगुलरला ड्रम डोक्यावर धरून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्याला पूर्ण सेक्शनसमोर त्याच्या बापाच्या नावानं काय काय म्हणायला लावलं. मला मात्र ते जवळ घ्यायचे. माझ्या मनात काय आहे ते त्यांनी आठवड्यात ओळखलं होतं.

"तो केळीवाला तुझी फीत नेणार," ते म्हणायचे. "नेऊ देणार आहेस?"

"नाही, उस्ताद."

"मग वाजव."

मी वाजवायचो. हात सुजेपर्यंत वाजवायचो. आणि खरं सांगायचं तर हात सुधारलाही. तेव्हा मला वाटायचं, हाच खरा गुरू. एका शब्दानं मला पेटवतो. कशानं पेटवतो याचा विचार मी केला नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घाडगे उस्तादांना हिवताप भरला. त्यांना धुळ्याच्या इस्पितळात नेलं. अकरा दिवस दोन्ही सेक्शन शेलार उस्तादांकडे आले.

खानदेशातलं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. दहानंतर ड्रमचं कातडं इतकं तापून ताणलं जायचं की दोऱ्या सैल केल्या नाहीत तर फाटायचं. घाडगे उस्ताद नऊला परेड मोडायचे. शेलार उस्तादांनी घाडगे सेक्शनला दुपारी साडेअकराला मैदानात काढायला सुरुवात केली. स्वतः ते तंबूच्या सावलीत बसायचे. चुकलं की छडी बोटांवर. पाणी परेड संपल्यावर. दोन जण चक्कर येऊन पडले. सुभेदारसाहेब त्या दिवसांत जळगावला गेले होते, चढाओढीच्या तयारीसाठी.

शेलार उस्तादांना काय करायचं होतं ते मला कळत होतं. घाडगे सेक्शन चढाओढीआधीच मोडायचा होता. मला कळत होतं आणि मी गप्प होतो. खाटेवर पडून मी उखर्डूच्या बोटांवरचे वळ बघायचो. मनात एक ओंगळ समाधान होतं. त्यावर आणखी एक गोष्ट, जी कुणाला पटणार नाही. मला त्या वळांचाही हेवा वाटे. शेलार उस्ताद सर्वांत जास्त त्यालाच मारायचे. म्हणजे त्यांनाही तोच सर्वांत मोठा वाटत होता.

सातव्या दिवशी दुपारी बारा वाजता त्यांनी दोन्ही सेक्शन समोरासमोर उभे केले. उखर्डूला एकट्याला पुढं बोलावलं आणि रोल वाजवायला सांगितला. त्यानं वाजवला. त्या उन्हात, सुजलेल्या बोटांनी, तरी त्यात एक खोट नव्हती.

"चुकला," शेलार उस्ताद म्हणाले.

उखर्डू म्हणाला, "कुठं चुकलं ते सांगा, उस्ताद. सुधारतो."

त्यात उर्मटपणा नव्हता. घाडगे उस्ताद चूक दाखवायचे, म्हणून त्याला विचारायची सवय होती. शेलार उस्तादांचा चेहरा बदलला. त्यांनी मला हाक मारली.

"पुढं ये. याचा हात ड्रमवर ठेव. काडीनं सांग याला कुठं चुकलं."

मी पुढं गेलो. उखर्डूनं स्वतःच उजवा हात ड्रमच्या कडेवर ठेवला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मार, भो. नाईतर तुलेबी मारीन तो."

मी हळू मारू शकलो असतो. हुकूम मारण्याचा होता, किती जोरात ते हुकमात नव्हतं. मी माझ्या पूर्ण ताकदीनं मारलं. एक, दोन, तीन. तिसऱ्याला आवाज वेगळा आला. उखर्डूच्या मधल्या बोटाचं हाड मोडलं होतं. तो खाली बसला.

शेलार उस्ताद म्हणाले, "परेड, विसर्जन."

इस्पितळात उखर्डूनं सांगितलं की लॉरीची मागची फळी बोटावर पडली. डॉक्टरांनी तेच लिहिलं. शेजारच्याच वॉर्डात घाडगे उस्ताद होते. ते चालत आले, त्याचा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हा काडीचा मार आहे."

"फळी पडली, उस्ताद," उखर्डू म्हणाला.

हे मला नंतर वॉर्डबॉयनं सांगितलं. उखर्डूनं माझं नाव घेतलं असतं तर मला त्याचा राग करता आला असता. त्यानं तेवढंही ठेवलं नाही.

चार दिवसांनी घाडगे उस्ताद परत आले, अशक्त, पण सव्वापाचला मैदानात. सुभेदारसाहेबांना काय सांगितलं ते माहीत नाही. दुपारच्या परेड बंद झाल्या एवढं खरं. उखर्डूच्या जागी त्यांनी पलटणीतला एक कच्चा ड्रमर चढाओढीपुरता घेतला आणि त्याला तेच सुरू केलं. फळी, घड्याळ, "पुन्हा".

जळगावची चढाओढ संध्याकाळी पाच वाजता होती. मैदानाभोवती हजारो लोक. आमच्या सेक्शनचा नंबर पहिला. सुरुवात फार जोरकस झाली. लोकांनी टाळ्या दिल्या. दुसऱ्या वळणावर बास ड्रमवाल्याच्या हातून दांडका निसटला. एवढंच झालं. एक ठोका गेला. पण त्या क्षणी आम्ही चौदाही जणांनी एकच केलं. मान वळवून शेलार उस्तादांकडे पाहिलं. छडी कुणावर येणार ते पाहिलं. पाय चुकले, बिगुल थांबले, मी स्वतः चार ठोके वाजवायचे विसरलो. पुन्हा जुळायला अर्धं मैदान गेलं.

मग घाडगे सेक्शन आला. त्यांच्यातही चूक झाली. नव्या ड्रमरचा रोल कोलमडला, बिगुल उशिरा उठला. पण उस्तादांकडे कुणी पाहिलं नाही. बाकीच्या ड्रमरनी एकमेकांचं ऐकत ठेका धरून ठेवला आणि बिगुलर आत आला. घाडगे उस्ताद बाजूला हात मागे बांधून उभे होते, जणू त्यांचं काम आधीच संपलं होतं.

कर्नलसाहेबांनी घाडगे सेक्शनला निवडलं. शेलार उस्तादांची दुसऱ्या आठवड्यात बदली झाली. कारण सांगितलं गेलं नाही. पुढं ते मला कधी दिसले नाहीत.

आमचा सेक्शन मोडला. तेरा जण रायफल कंपन्यांत गेले. मी गेलो नाही. उखर्डूचं बोट वाकडं जुळलं होतं, काडी धरता येत नव्हती. रायफल धरता येत होती. त्याला कंपनीत पाठवलं आणि घाडगे सेक्शनमध्ये एक जागा रिकामी झाली. घाडगे उस्तादांनी माझं नाव दिलं. मला हवी होती ती जागा मला मिळाली.

ब्रह्मदेशाला निघण्याआधी मी घाडगे उस्तादांकडे गेलो. म्हणालो, "उस्ताद, उखर्डूचं बोट मी मोडलं."

"माहीत आहे."

"मग मला का ठेवलं?"

"ड्रमर कमी आहेत," ते म्हणाले. मग म्हणाले, "हुकूम शेलारचा होता. जोर तुझा होता. तो जोर कुठून आला ते तुझं तू बघ. उद्या सव्वापाच."

ब्रह्मदेशात ड्रम पेट्यांत बंद झाले. लढाईत बँडवाल्यांचं काम स्ट्रेचर उचलणं. आमचा पहिला धडा असा की स्ट्रेचर नेताना पाय मिळवायचे नाहीत. पाय मिळाले की स्ट्रेचर झुलतं, जखमीला हिसके बसतात. दोन वर्षं पाय मिळवायला शिकलेल्या आम्हाला ते सर्वांत अवघड गेलं.

पावसाळा संपल्यावर पलटणीनं एका नदीपलीकडची टेकडी घेतली. दुपारी सव्वातीनला पुढच्या कंपनीवर मॉर्टरचे गोळे पडले. तीन वाजून चाळीस मिनिटांनी आम्हाला हुकूम आला, "बेअरर, पुढं." पहिला जखमी उचलायला मी वाकलो तेव्हा तो उखर्डू होता. पोटात गोळ्याचं स्प्लिंटर. घाडगे उस्ताद पुढच्या दांड्याला, मी मागच्या. त्याचं डोकं माझ्याकडे होतं.

उतरताना माझे पाय आपोआप उस्तादांच्या पायांशी मिळायला लागले.

"पाय नको मियवू, भो," तो म्हणाला. "हालतं."

मी मुद्दाम पाऊल वेगळं टाकलं. थोडं पुढं गेल्यावर मी म्हणालो, "उखर्डू, त्या दिवशी मी मुद्दाम जोरात मारलं."

"मले समजलं होतं," तो म्हणाला. "तुहा हात मी वयखत नाई का?"

त्यानंतर तो बोलला नाही. नदीच्या अलीकडे, चार वाजून पाच मिनिटांनी, घाडगे उस्तादांनी स्ट्रेचर खाली ठेवायला सांगितलं. त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, मग टोपी काढली. त्या क्षणीही माझ्या मनात आलं, माझ्यासाठी त्यांनी अशी टोपी काढली नसती. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच झालं होतं. उस्तादांनी टोपी घातली आणि म्हणाले, "चल. वर अजून आहेत." आम्ही त्या संध्याकाळी आणखी सहा जणांना खाली आणलं.

लढाई संपल्यावर मी सावद्याला गेलो. उखर्डूचे वडील केळीच्या बागेत पाणी धरत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी फावडं बाजूला ठेवलं.

"पारोयाचा तो तूच का?" ते म्हणाले. "त्याच्या चिठ्ठीत राहायचं. म्हने, तो लई मेहनत करतो. माह्यापरीस जास्त."

"आबा, त्याचं बोट माझ्यामुळं मोडलं," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं, काही न वगळता.

त्यांनी फावडं उचललं आणि भरलेल्या वाफ्याचं तोंड बंद केलं. मग म्हणाले, "हे त्यानं लिहिलं नव्हतं." आणि नंतर, "सांगाले आला, ते बरं केलं." त्यांनी क्षमा केली असं मी म्हणणार नाही. जेवायला थांब एवढं म्हणाले. मी थांबलो. ताटावर बसल्यावर मला उखर्डूचा पुन्हा हेवा वाटला, की असा बाप त्याचा होता.

धुळ्याच्या मैदानात आम्ही अठ्ठावीस होतो. त्यांतले नऊ ब्रह्मदेशात मारले गेले. त्यांपैकी सात जण आमच्या मोडलेल्या सेक्शनमधले. घाडगे उस्ताद परतीच्या प्रवासात, हिवतापानं गेले. आणि त्या नवांतच उखर्डू. आमच्या पलटणीत त्याच्यासारखा ड्रम कुणी वाजवला नाही. मीही नाही. तो जिवंत होता तोवर हे मी कुणापाशी, त्याच्यापाशीही, कबूल केलं नाही.