वाटीतली साखर

ओट्यावरच्या वाटीत चिमूटभर साखर आहे आणि मी नुसती तिच्याकडे बघते आहे. वाटी आत्ताच शिफानं परत दिली. समोरच्या फ्लॅटमधली ही मुलगी शेजारच्या देशातून शिकायला आली आहे. तिथल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपल्या देशानं ढवळाढवळ केली, असा आरोप सकाळपासून टीव्हीवर चालू आहे.

"ताई, तुमच्या लोकांनी खरंच असं केलं?" तिनं दारातच विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हटलं. खरंच माहीत नाही. वाईटसुद्धा धड वाटत नाही.

शेजाऱ्यांची वाटी रिकामी देऊ नये, घरात काहीच नसेल तर साखर घालावी, हे तिला मीच शिकवलं होतं.

तिच्या उघड्या दारातून नारळाच्या वड्यांचा वास येत होता.