चिनीमामांचा पांढरा चहा

चहातलं आमच्या घराण्यात कुणालाच काही कळत नव्हतं, आणि ही गोष्ट मी सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

आम्ही मूळचे वडिवळ्याचे, भातवाले. आजोबांनी उभ्या जन्मात एकदाच चहा घेतला, तोही तापावरचं औषध म्हणून. ताप उतरला तसा चहाही सुटला. पुढं वडील, म्हणजे आप्पा, रेल्वेत चिकटले, लोणावळ्याला बिऱ्हाड झालं आणि मी वशिल्यानं (आप्पांच्याच, दुसरं कोण होतं आम्हाला?) स्टेशनात तिकीटबाबू झालो. घाटाचं इंजिन काढाय-जोडायला गाडी तिथं अंमळ जास्त थांबायची. तेवढ्यात साहेबलोकांच्या डब्यांत चहाच्या किटल्या जायच्या आणि त्यातला उरलासुरला चहा स्टॉलवाला मला द्यायचा. फुकट मिळणाऱ्या वस्तूतलं आपल्याला फार कळतं, असा माणसाचा समज होतोच. माझा जरा लवकर झाला.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. तेव्हा लोणावळ्याला लागून वलवणला चिनीमामा राहायचे. खरं नाव सखारामराव, पण मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याच्या चहाच्या गोदामावर चीनमध्ये निम्मं आयुष्य काढून आलेले, म्हणून चिनीमामा. बायको गेलेली, मूलबाळ नाही. आईबापावेगळी भाची इंदू त्यांनीच लहानाची मोठी केली होती.

ही इंदू मला हवी होती. आडवळणानं कशाला सांगू? खिडकीशी येऊन तिनं तळेगावचं तिकीट मागितलं की मी सुटे पैसे दोनदा मोजायचो. एकदा मी तिला कर्जतचं दिलं. तिनं ते परत सरकवलं आणि म्हणाली, "मला घाट उतरायचा नाहीये." एवढंच आमचं बोलणं, पण मी ते महिनाभर पुरवलं.

शेवटी आप्पांनी मामांकडं रीतसर शब्द टाकला. मामा होही म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. एके दिवशी स्वतःच मला बघायला स्टेशनावर आले. मागं छत्री धरून इंदू. मला वाटलं, पगार विचारतील, जमीन विचारतील. मामांनी विचारलं, चहा घेता का?

आता साधं 'हो' म्हणायला माझं काय जात होतं? पण मागं ती छत्री होती ना!

"घेता म्हणजे काय मामा, ओळखतो," मी म्हणालो. "डोळे बांधून पेला द्या, कुठल्या मळ्यातला ते सांगेन."

मामांचा चेहरा असा उजळला की मलाच भीती वाटली. म्हणाले, माझी परीक्षा एकच आहे. शिक्षण-बिक्षण मी बघत नाही. जिभेला जे लागलं तेच तोंडानं बोलणारा माणूस मला इंदूसाठी पाहिजे. मग त्यांनी पिशवीतून दोन छोटे डबे काढले. दोन्ही चीनचे, एकात पांढरा चहा, एकात काळा. येत्या रविवारी मी येतो, दोन्ही करून ठेवा, शेजारी शेजारी प्यायचे आणि तुम्ही मला फरक सांगायचा. त्यानंतर त्यांनी ते दोन्ही चहा कसे होतात, कसे दिसतात, पाणी किती निववायचं, किती वेळ झाकायचं, सगळं समजावून सांगितलं. मी सारखी मान हलवत होतो. मान मामांकडं हलत होती आणि डोळे छत्रीकडं होते. घरी पोचलो तेव्हा माझ्या ध्यानात तीनच शब्द राहिले होते: पांढरा, काळा, रविवार.

रविवारी सकाळीच वडिवळ्याहून आत्या आली, म्हशीचं दूध घेऊन. भाचा उजवायचा म्हटल्यावर ती थोडीच मागं राहणार! आईनं आधी थोडा पांढरा चहा करून बघायचं ठरवलं. पातेलं चढवलं, चहा टाकला, उकळ उकळ उकळला. रंग येईना! आणखी एक मूठ टाकली. पाणी जरासं पिवळं झालं, तेही आईनं फार रोखून बघितलं म्हणून असेल. आई घाबरीघुबरी झाली. आमच्याकडं पाहुण्यापुढं फिका चहा ठेवणं म्हणजे पाहुण्याला जा म्हणणं. असला पांचट चहा सोयऱ्यानं पाहिला की तो काय समजायचं ते समजतो आणि गावभर सांगतो.

तेव्हा आत्यानं डबा उजेडात नेला.

"आगं वैनी, हितं बघ. बुरशी धरलीया समद्याला."

आता हे लोणावळ्याबाहेरच्या माणसाला समजायचं नाही. दिवस आषाढाचे. आषाढात आमच्याकडं चपलांना बुरशी येते, लोणच्याला येते, आप्पांच्या काळ्या टोपीला तर दर साल येते आणि ती त्यांना आधीपेक्षा बरी दिसते. त्या दिवसांत पांढरी लव कुठंही दिसली की आमच्या बायका विचार करत बसत नाहीत. वस्तू घासतात आणि चुलीवर शेकतात. डब्यात बघतो तर खरंच, चहाच्या एकूण एक कोंबावर पांढरी मऊ लव! आईनं डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, तूच बघ बाबा, तुला कळतं म्हणतोस ना त्यातलं.

मी एक कोंब चिमटीत धरला, उजेडाकडं केला, हुंगला, डोळे मिटले. (डोळे का मिटले ते विचारू नका. जाणकार मिटतात.)

"बुरशीच आहे," मी म्हणालो. "बोटीच्या प्रवासात धरते."

बोटीच्या प्रवासात! मी तोवर पुण्याच्या पलीकडं गेलो नव्हतो.

आप्पांचं म्हणणं पडलं की मामांना निरोप धाडावा, चहा खराब निघाला म्हणून. त्यावर आई आणि आत्या दोघी त्यांच्या अंगावर गेल्या. सोयऱ्यानं हौसेनं दिलेल्या वस्तूला नाव ठेवायचं? ते काही नाही. गुपचूप निस्तरायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. आत्यानं चहा सुपात घेऊन पाखडला. मग धोतराच्या फडक्यात बांधून कपडे चोळावेत तसा चोळला. घरभर पांढरी धूळ उडाली, आप्पा शिंकत पडवीत जाऊन बसले. तरी आत्याचं समाधान होईना, म्हणून तवा चढवला. त्याच तव्यावर सकाळी ठेच्याच्या मिरच्या भाजल्या होत्या. तवा पुसला होता, असं आत्या शेवटपर्यंत सांगत राहिली. चहा चांगला तडतडेपर्यंत भाजला आणि खाली उतरवला तेव्हा तो कोळशासारखा काळा झाला होता.

"आता कसा चहावानी दिसाया लागला," आत्या म्हणाली. मलाही तसंच वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

एवढ्यात दारात मामा. आणि बरोबर इंदू! मुलीनं असं मुलाच्या घरी यायची रीत नव्हती, पण मामांचं म्हणणं, राहायचं तिला, मग घर मी एकट्यानं बघून काय करू? आईची तारांबळ उडाली. तिनं इंदूला आत स्वयंपाकघरात आत्याच्या ताब्यात दिलं, मी मामांना पाट मांडला, आणि त्या धांदलीत आईनं दोन्ही चहा दोन किटल्यांत करून माझ्यापुढं आणून ठेवले. कुठला कुठल्या किटलीत, ते विचारायला मी तोंड उघडलं तोवर ती आत गेलीसुद्धा.

मामांनी पिशवीतून बिनकानाच्या इवल्याइवल्या चिनी वाट्या काढल्या. दोन वाट्यांत दोन चहा ओतले. दोन्ही काळेभोर! मामांनी वाट्या उजेडाकडं सरकवल्या.

"पांढरा कुठला?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही वाट्या हुंगल्या. उजवीकडच्या वाटीला धुराचा वास येत होता. मी हिशेब केला: तव्यावर भाजलेला कुठला? पांढरा. धूर कशाचा? भाजल्याचा. म्हणजे हा पांढरा! (त्या काळ्या चहाला चीनमध्येच लाकडाचा धूर देतात, आणि मामांनी ते मला स्टेशनावर सविस्तर सांगितलं होतं, हे मला पुढं समजलं.)

"हा," मी उजवी वाटी उचलली.

काय लागतंय सांगा, मामा म्हणाले. मी घोट घेतला, जिभेवर घोळवला, आढ्याकडं पाहिलं. म्हटलं, कोवळा आहे, फार कोवळा. डोंगरातल्या सकाळची आठवण येते. मामांनी नुसतं हं केलं आणि दुसऱ्या वाटीकडं बोट दाखवलं. मी तिचाही तसाच ऐटीत घोट घेतला आणि माझ्या घशात कुणीतरी चूल पेटवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"हा काळा," मी कसाबसा म्हणालो. "जरा तेज आहे."

"तेज?"

"मुरलेला."

मग मामांनी ती वाटी तोंडाला लावली. त्यांना जो ठसका लागला, तो लागलाच. आप्पा धावत आले आणि पाठ थोपटू लागले. ठसका थांबल्यावर मामा डोळे पुसत म्हणाले, "आजवर चहात मला मध लागला, फुलं लागली, गवत लागलं. मिरची आज पहिल्यांदा लागली."

त्यांनी डबा मागितला. मी आतल्या आत देवाचा धावा करत होतो की डबा सापडू नये. पण डबा घेऊन आत्याच बाहेर आली, पदर सावरत, मोठ्या अभिमानानं.

"तुमाला सांगनार न्हवते दादा, पर इचारताय म्हनून सांगते. लय बुरशी हुती. घासूनपुसून समदी काढली. आमच्या दत्तूनंच वळखली बरं का. लय जाण हाय त्याला." दत्तू म्हणजे मी.

मामांनी डब्यात बघितलं. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. ती लव म्हणजेच पांढरा चहा, म्हणाले. कोवळ्या कोंबावर ती असते म्हणूनच त्याला हाताचासुद्धा धक्का लावायचा नसतो, अलगद वाळवायचा. येताना आणलेला हा शेवटचा डबा. इंदूचं जमेल त्या दिवसासाठी राखून ठेवला होता.

आत्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आधी मी नको, तो तवा आत जावा. मामा उठले, वाट्या पुसून पिशवीत घातल्या, छत्री घेतली.

"चल इंदू."

आतून उत्तर आलं, "थांबा मामा, चहा संपू द्या."

कसला चहा, म्हणून मामा वळले, तर इंदू दारात उभी, हातात कपबशी. आत्यानं आत गेल्या गेल्या तिला आमचा रोजचा करून दिला होता: म्हशीचं दूध, गूळ, आलं, गवती चहा. तिनं शेवटचा घोट सावकाश घेतला. कप पुन्हा आत्यापुढं धरला. मग म्हणाली, "मामा, मला दूध घातलेला गोड चहा आवडतो. तुमचा तो कोरा चहा मला कधीच आवडला नाही."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही इतक्या मायेनं करून द्यायचा. कसं बोलणार?" मग तीच पुढं म्हणाली, "जिभेला लागतं ते बोलावं, असं तुम्हीच म्हणता. मला हे घर पसंत आहे."

मामा पुन्हा पाटावर बसले. डोळे पुसले, मिरची अजून गेली नाही, म्हणाले. त्यांच्याच परीक्षेत त्यांचीच भाची पास झाली होती. आत्यानं न विचारता त्यांच्याही पुढं कप ठेवला. त्यांनी तो कडू औषध घ्यावं तसा तोंडाला लावला, पण कप रिकामा परत गेला. मग ते आप्पांना म्हणाले, तुळशीचं लग्न होऊ द्या, मग बार उडवून टाकू. जावयानं माझ्या डब्यांना हात लावायचा नाही, एवढीच अट.

लग्न झालं. त्या दिवशी इतकी फजिती होऊनही इंदूनं मलाच पसंत केलं, या विचारानं मी पुष्कळ दिवस छाती काढून फिरत होतो. एकदा न राहवून तिला विचारलं, माझ्यात असं काय पाहिलंस?

ती म्हणाली, "तुमच्यात? तुम्हाला त्या दिवशी पाहिलं कुणी? मी आत चुलीपाशी होते. पसंत मी आत्यांच्या हातचा चहा केला. तुम्ही कपाखालची बशी, बरोबर आलात."