अगोदर गेलेल्यांचा

टोपाच्या झाकणावर पंजा ठेवून चाचा म्हणायचे, "थांबा. अगोदर गेलेल्यांचा, मंग आपला." तो पंजा उठेपर्यंत टोपाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

चाचा आमच्यापैकी कुणाचेच चाचा नव्हते. रत्नागिरीकडचे, कुवेतात मीना अल-अहमदीला एका अमेरिकन इंजिनिअरच्या घरी बावर्ची. आम्ही हवल्लीतल्या एका खोलीतली पोरं, मी आणि दोन वेल्डर. आमच्याकडे स्टोव्ह होता आणि भूक होती, म्हणून ते दर शुक्रवारी यायचे.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी त्यांच्या साहेबाकडे थँक्सगिव्हिंग असायचं. बोटीतून, बर्फात घातलेला एक टर्की यायचा. चाचा त्याला अमेरिकन कोंबडा म्हणायचे. टेबलाभोवती पाहुणे बसायचे आणि एकेक जण आपण देवाचे कशाबद्दल आभार मानतो ते सांगायचा. चाचा स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगायचे. मग मी साहेब व्हायचो, मडम व्हायचो, नाकातून आभार मानायचो. वेल्डर लोळायचे.

पहिल्या वर्षी चाचांनी साहेबाला विचारलं होतं म्हणे, जेवणाआधी गेलेल्यांसाठीचा फातिहा कुणाच्या नावानं द्यायचा? साहेब हसला. म्हणाला, नाव कुणाचंच नाही, पीक आलं म्हणून जेवायचं. चाचांना हे काही पटलं नाही. "एवडा मोठा कोंबडा," ते आम्हाला म्हणाले, "आनि नाव कुनाचाच नाय?"

म्हणून उरलेला टर्की मडमला विचारून हवल्लीला यायचा. खोबऱ्याचं वाटण, गावची कोकमं, असं करून त्याला पार कोकणात आणायचे. मग टोपापुढे उदबत्ती, आणि डोळे मिटून फातिहा. अरबी माझ्या जिभेला झेपायचं नाही, पण शेवटची नावं मला पाठ झाली होती. अब्बा हसनमियां. आई मरियमबी. गलबतावरनं पडलेला याकूब, हा त्यांचा भाऊ. एरवी कधी मी चाचांच्या आवाजात ती म्हणून दाखवायचो तेव्हा चाचाच सगळ्यात जास्त हसायचे. "याकूबला जरा लांबव," म्हणायचे, "लाडका होता."

बायकोचं नाव मात्र त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही. ती 'घरची'. एका वर्षी घरची आजारी पडली, खोकला हटेना. चाचांनी रजा मागितली. साहेब म्हणाला, पार्टी उरकली की जा. चाचांनी बोटीचं तिकीट काढलं. हवल्लीच्या बाजारातून एक जाड निळं ब्लँकेट घेतलं आणि आमच्या खोलीत ठेवलं, कारण साहेबाकडच्या खोलीत ते तेलकट होईल. रोज विचारायचे, उंदीर तर नाय ना लागला. रोज म्हणजे दर शुक्रवारी, पण वाटायचं रोज.

पार्टी झाली. शुक्रवारी चाचा टर्की घेऊन आले. वाटण वाटलं, मीठ बघितलं, एका वेल्डरला पाणी सांडलं म्हणून शिवी दिली. सगळं नेहमीचं. उदबत्ती लागली. अब्बा हसनमियां. आई मरियमबी. याकूब. मी डोळे उघडले, कारण यादी तिथं संपायची.

"सकिनाबी," चाचा म्हणाले.

पंजा उठला. वेल्डरांनी ताटं पुढे केली. मी विचारलं, "चाचा, सकिनाबी कोण?"

"आमची घरची," त्यांनी रस्सा वाढता वाढता सांगितलं. "काल सकाळी बोटीवरचा गावचा खलाशी सांगून गेला."

काल सकाळी. म्हणजे टर्की भट्टीत जायच्या आधी. एका वेल्डरनं विचारलं, साहेबाला सांगितलंत का? चाचा म्हणाले, "पावणे होते ना घरात."

आम्ही जेवलो. खरं सांगतो, चव नेहमीसारखीच होती. कुणी रडलं नाही, चाचाही नाही. भाकरी गरम आहे तोवर खा म्हणाले. बोट पुढच्या आठवड्यात होती, ते गेले नाहीत. "आता घाई कसली," म्हणाले. ब्लँकेट आम्हाला देऊन टाकलं, हितं थंडी पडते म्हणून. थंडी पडलीही. ते तसंच घडी करून राहिलं.

पुढे साहेबाची बदली झाली आणि चाचा गावी गेले. कोणतं गाव ते आम्ही कधी नीट विचारलंच नव्हतं. खबर काही आली नाही.

त्या नोव्हेंबरात वेल्डरांनी बाजारातून साधी कोंबडी आणली. वाटण जाडं राहिलं. जेवायला बसलो आणि कुणाचाच हात पुढे होईना. शेवटी एक जण मला म्हणाला, "तू म्हण की. तुला पाठ आहे."

मी झाकणावर पंजा ठेवला. अब्बा हसनमियां. आई मरियमबी. याकूबला लांबवला. सकिनाबी. आवाज हुबेहूब लागला होता, आणि कुणी हसलं नाही.

यादी आता इथं संपते की आणखी एक नाव घ्यायचं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. घ्यायचं तर कोणतं, तेही नव्हतं. आम्ही त्यांना चाचाच म्हणायचो.

रस्सा गार होत होता. पंजा मी तसाच ठेवला होता.