खाली पाहणारा चेहरा

उज्जैनमधल्या नानाखेड्याला मावशीच्या घरी मी पोचले तेव्हा अनघाला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, एवढंच शेजारच्या भाभींनी फोनवर सांगितलं होतं. तिच्या आईजवळ, माझ्या मावशीजवळ, बसावं म्हणून मी आत गेले, तर आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर मीच होते. मान खाली, हात मटार सोलत असलेले, अधूनमधून पापण्या लवत होत्या... कुणीतरी बोलायची वाट बघत. भाभी माझ्यामागे उभ्या होत्या. "दीदी, ये तो आप हो," त्या हळूच म्हणाल्या. ते बंद कसं करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी भाभींनी त्यावर चादर टाकली. त्या दिवशी मी रडले ती नंतर, आधी घाबरले.

अनघा माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच लहान. कॉम्प्युटरवर हुबेहूब माणसांचे चेहरे तयार करायचे आणि ज्यांना मनातलं कुणाजवळ बोलता येत नाही त्यांच्याशी त्या चेहऱ्याने मोबाइलवर बोलायचं, हे तिचं संशोधन. मावशी एकटी पडली तेव्हा ती आपलं काम घेऊन उज्जैनला परत आली आणि इथल्या एका समुपदेशन केंद्रामार्फत तिने असा चेहरा लोकांना वापरायला दिला. पहिला चेहरा तिने हौसेने केला होता. तरुण डॉक्टरीण, प्रसन्न, नजर थेट समोरच्याच्या डोळ्यांत. लोक "सब ठीक है" म्हणत आणि बंद करून टाकत. एका म्हातारीने तर सांगितलंच, "बेटा, ये तो थानेदारनी जैसी घूरती है." हे मला सांगताना अनघाला हसून हसून ठसका लागला होता.

त्या हिवाळ्यात ती गावातच, माधवनगरला माझ्याकडे काही दिवस राहिली. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, एकटी, फारशी न बोलणारी. तरी दुपारी गल्लीतल्या बायका येऊन बसत आणि मी मटार सोलत नाहीतर मेथी निवडत असताना सासूचं, नवऱ्याचं, आत सलणारं एकेक सांगत. अनघा कोपऱ्यात बसून बघत राहिली. बायका गेल्यावर म्हणाली, "ताई, तू वर बघत नाहीस म्हणून त्या बोलतात."

"वर बघितलं तर मटरमधल्या अळ्या कोण बघेल?" मी म्हटलं.

मग कितीतरी दुपारी तिने कॅमेरा लावून माझा चेहरा टिपला, नुसता ऐकताना. मला मात्र पहिल्यापासून भीती वाटायची. माझं तोंड घेऊन हे यंत्र कुणाला काय सांगेल? कुणी जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली तर? "ते शहाणपणा शिकवणार नाही," ती म्हणाली. "ऐकेल, थोडं विचारेल. आणि तसं काही आलं की मला लगेच मेसेज येतो, मी स्वतः फोन करते. मागे माणूस नसेल ना ताई, तर तो चेहरा बंदच करायचा." आणि ती करायचीही फोन. ताटावरून उठून जायची, कढी गार व्हायची, मावशी चिडायची, "लोकांच्या पोरी सांभाळ तू, आणि स्वतः राहा उपाशी."

तेरावा झाल्यानंतरची गोष्ट. माधवनगरच्या भाजीबाजारात एक तरुण बाई माझ्यासमोर थबकली. जरा वेळ बघत राहिली आणि अगदी ओळखीच्या सुरात म्हणाली, "आंटी, कल आपको बताया था ना... आज भी वैसा ही लग रहा है."

काल... अनघाला जाऊन दोन आठवडे होऊन गेले होते. तिच्याबरोबर तेही थांबलं असेल, असं आम्ही धरूनच चाललो होतो. तिने काल काय सांगितलं ते मला माहीत नव्हतं, आणि कुणालाच माहीत नव्हतं. मी कोण ते तिथेच सांगितलं असतं तर ती पुन्हा कुणापाशी बोलली असती का? मी हातातल्या पिशवीकडे बघत म्हटलं, "चल बेटा, घर पास में है. बैठ के फिर से बता." तिने सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. तो चेहरा म्हणजे मी नव्हे, हेही मी मग तिला सांगितलं. संध्याकाळी तिला तिच्या भावाच्या घरी सोडलं आणि उद्या डॉक्टरकडे नेईन असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले. तिथले गृहस्थ भले होते. "मैडम, वो तो अपने आप चलता है," ते म्हणाले.

"और मैसेज किसको जाते हैं?"

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "अनघा मैडम को ही."

अनघाचा मोबाइल मावशीच्या कपाटात, साड्यांखाली होता. तो वाजलेला तिला ऐकवत नसे, म्हणून तिने तो बंद करून ठेवला होता. केंद्रातला चेहरा मी समोर उभी राहून बंद करवून घेतला. मग तिथल्या एका समुपदेशक मुलीला घेऊन नानाखेड्याला आले, मोबाइल चार्जिंगला लावला. सुरू झाल्याबरोबर साठलेल्या मेसेजांनी तो थरथरत टेबलावर सरकायला लागला... थांबेचना. मावशी पदर तोंडाला लावून बघत होती. ती मुलगी एकेक नंबर लावत बसली. बहुतेकांनी उचलला. कुणी रागावलं. एक जण म्हणाला, "अब ठीक हूँ. उस दिन किसी का फोन नहीं आया."

एक नंबर लागला नाही. पोलिसांना कळवलं आहे, ते शोधत आहेत. नाव नाही, पत्ता नाही, फक्त नंबर.

मावशी आता तो मोबाइल बंद करू देत नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की ती अनघाच्या खोलीत, अनघाच्या खुर्चीत बसते आणि तो नंबर लावते. बंद असल्याचं ऐकते, थोड्या वेळाने पुन्हा लावते. काल मी तिच्याजवळ होते. काल पहिल्यांदा पलीकडे घंटी गेली. आम्ही दोघी ऐकत राहिलो. वाजून वाजून ती थांबली. कुणी उचलला नाही.

"वाजला म्हणजे कुणीतरी चार्ज केलाय," मावशी म्हणाली, आणि तिने पुन्हा नंबर लावला.