काकाजींना लागलेली झोप

काकाजींना झोपलेलं कोणी पाहिलं नव्हतं. बोरी अरबजवळच्या आमच्या सासरच्या गावात ही गोष्ट लोक पाहुण्यांना मुद्दाम सांगत. कापसाच्या दिवसांत गावातून दारव्ह्याच्या बाजाराला गाड्यांची रांग निघे. मागचे गाडीवान कापसाच्या ढिगावर अंग टाकून खुशाल घोरत. बैल पुढच्या गाडीमागे आपसूक चालत राहत. पहिली गाडी काकाजींची. ते कासरा धरून ताठ बसलेले. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर सगळं गाव आडवं व्हायचं, तेव्हाही काकाजी ओट्यावर बसून सुपारी कातरत. कोणी म्हटलं, "काकाजी, पडा ना जरा," तर म्हणत, "मी डोये मिटले त गाव कोन पाहीन?" घरातल्या बायका मात्र हळूच म्हणायच्या की ते उघड्या डोळ्यांनी बसल्या बसल्या झोपतात. यातलं खरं काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकाजी म्हणजे माझे चुलतसासरे. सासरे तरुणपणीच गेले होते. माझ्या नवऱ्याला काकाजींनीच वाढवलं, शिकवलं आणि यवतमाळच्या कचेरीत चिकटवलं. अंगाने वाळके, काळेसावळे, बोलणं कमी. आणि एवढ्या कणखर माणसाला एक विचित्र खोड होती. बैलगाडीखेरीज कुठलीही गाडी त्यांना लागायची. दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जाणारी छोटी आगगाडी इतकी सावकाश चालायची की पोरं उतरून बोरं तोडून पुन्हा चढत, पण त्या गाडीतही काकाजी खिडकीबाहेर डोकं काढून ओकायचे. विचारलं तर म्हणत, "ज्या गाडीपुढं बयल दिसत नाई, तिचा भरवसा कायचा?"

छप्पन साली आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि सरकारी माणसांच्या बदल्या कुठल्या कुठे होऊ लागल्या. माझं लग्न झालं त्याच आठवड्यात नवऱ्याची बदली रत्नागिरीला झाली. तो ताबडतोब निघून गेला. रत्नागिरी कुठे आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंना वाटे, नागपूरच्या पलीकडे डोंगरात कुठेतरी असेल. मग पत्रातून कळलं की मुंबईला जायचं आणि तिथून बोटीने. बोट घरात कोणी पाहिलीही नव्हती. नवऱ्याला रजा मिळेना. दिवाळी झाली, आणि मला पोचवायला कोणी जायचं यावर चर्चा सुरू झाली तेव्हा काकाजी ओट्यावरून म्हणाले, "मी जातो. अजून कोन जाईन?"

दारव्ह्याच्या डॉक्टरांनी त्यांना एका पुडीत गोळ्या बांधून दिल्या. मी शेजारीच उभी होते. डॉक्टर म्हणाले, "बोटीत चढण्याआधी एक घ्यायची. एकच. झोप येईल, येऊ द्या." काकाजींनी पुडी परत टेबलावर सरकवली. "मले झोप आली त सूनबाईले कोन पाहीन?" डॉक्टर हसले. "मग कडक चहा प्या, वाऱ्यावर बसा, कोणाशी तरी बोलत राहा." काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला. लग्नाला सहा महिने होत आले होते, आणि आमच्यात जेमतेम दोन-चार वाक्यं झाली असतील. आमच्याकडे सून अशा वडील माणसाशी बोलत नसे.

पुडी शेवटी कमरेला खोचून घेतली, पण मुंबईपर्यंत त्यांनी गोळी घेतली नाही. वाटभर ओकत गेले, पण डोळा मिटला नाही. प्रत्येक मोठ्या स्टेशनावर त्यांची मोजणी व्हायची. "पेटी? हाय. गाठोडं? हाय. सूनबाई? हाय." पेटी, गाठोडं आणि मी यांत त्यांना फारसा फरक वाटत नसावा, असं मला तेव्हा वाटलं आणि थोडा रागही आला.

भाऊच्या धक्क्यावर बोट पाहिली आणि काकाजींचा चेहरा उतरला. खाली पाणी, वर माणसांची झुंबड, आणि सगळंच हळूहळू डुलतंय. त्यांनी पाठ फिरवून गोळी तोंडात टाकली. आम्हाला डेकवर जागा मिळाली. पेटीला टेकून ते बसले. बोट सुटली, किनारा मागे गेला, आणि नवलच झालं. काकाजींना मळमळलंच नाही. ते खूश होऊन म्हणाले, "पाह्य, काईच नाई." आणि लगेच त्यांची मान छातीवर आली. दचकून त्यांनी डोळे उघडले. "बोल," म्हणाले.

"काय बोलू?"

"काई बी बोल. डाक्टर म्हनला ना."

मला काही सुचेना. शेवटी शाळेतला भूगोल आठवला. माझं मॅट्रिकचं वर्ष अर्ध्यावर असताना लग्न ठरलं होतं. धडे अजून तोंडात होते. मी नद्या सांगायला लागले. कोणती कुठे उगम पावते, कोणत्या कोणत्या गावांवरून जाते, कुठे मिळते. काकाजी डोळे ताणून ऐकत होते. आमच्या गावाजवळच्या अडाण नदीचं नाव आलं तसे सरसावून बसले. "आपली अडान? थे बी पुस्तकात हाय?" म्हटलं, पुस्तकात नाही, ती मी माझ्या मनानं घातली. "बरं केलं," म्हणाले, आणि पुन्हा मान पडली.

शेजारी टोपलीभर सामान घेऊन बसलेली एक कोकणी बाई आमच्याकडे बघत होती. तिने काळजीने विचारलं, "बोट लागली काय त्यांना?" काकाजींनी तेवढंच ऐकलं. "लागली?" म्हणत ते ताडकन उठले, पेटी खांद्यावर घेतली आणि "चाल सूनबाई, उतर" म्हणून कठड्याकडे निघाले. चारी बाजूंना पाणी. दोन खलाशांनी त्यांना धरून आणलं. ती बाई हसून हसून लाल झाली. मलाही हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. ज्याच्या भरवशावर मला घरून पाठवलं होतं, तो माणूस समुद्रात उतरायला निघाला होता.

मी चहा आणायला गेले. कडक चहा मिळाला, पण परत आले तर काकाजींच्या हातात पुडी उघडी होती. "गोयी घेतली मी," ते म्हणाले. "सकाऊन घ्याची राहून गेलती." मी म्हटलं, "अहो काकाजी, सकाळी घेतलीत ना!" ते विचारात पडले. मग म्हणाले, "थे काल." काल आम्ही आगगाडीत होतो हे मी सांगितलं, पण तोवर त्यांच्या डोळ्यांत काही उरलं नव्हतं. त्यांनी आपला शेला पेटीवर नीट पसरला, पेटीला म्हणाले, "सूनबाई, डोक्यावर पदर घे, लोक पाहून राह्यले," आणि तिथेच, फळ्यांवर आडवे होऊन झोपले.

गावात कोणी पाहिलं नव्हतं ते मी पाहत होते. तोंड थोडं उघडं, एक हात अजून कासरा धरल्यासारखा वळलेला. मी त्यांना हलवलं, तोंडावर पाणी मारलं, लवंग दाताखाली सरकवली. काही उपयोग नाही. मग डॉक्टरांचं ऐकून बोलत राहिले. नद्या संपल्या, डोंगर संपले, कविता संपल्या. आणि मग मी काय बोलायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. मी म्हणाले की मला नवऱ्याचा चेहरा नीट आठवत नाही. चार दिवस पाहिला, तोही मुंडावळ्यांच्या आडून. रत्नागिरीत माझी भाषा कोणाला कळेल का, माहीत नाही. मला मॅट्रिक व्हायचं होतं, घरात मी ते एकदाही कोणाला म्हटलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. "मले नाई जाचं, काकाजी," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. कोकणी बाई पान लावत होती. तिने एकदा वर पाहिलं. काकाजी हलले नाहीत.

दिवस बुडायला आला आणि रत्नागिरी आली. बोट किनाऱ्यापासून दूर थांबली, खालून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, येऊन लागले. माणसं शिडीवरून एकेक करून खाली उतरत होती, खाली पडाव वर-खाली होत होता. मी काकाजींना ओढलं, ओरडले, अक्षरशः गदागदा हलवलं. एक खलाशी आला. "झोपलेला माणूस शिडीवरून कसा उतरवणार? बाई, तुम्ही उतरा. तुमचं माणूस आलेलं असेल ना किनाऱ्यावर? म्हाताऱ्याला परतीच्या बोटीने धाडून देऊ." कोकणी बाईनेही उतरता उतरता हाताला धरलं. "चल गो, माझ्याबरोबर चल."

किनाऱ्यावर माणसांचे ठिपके दिसत होते. त्यातला एक माझा नवरा असणार. मी पेटीवर बसून राहिले. पडाव निघून गेले.

मी काकाजींसाठी थांबले असंच पुढे सगळ्यांनी धरलं. मीही तसंच म्हणत आले. पण शिडीकडे पाहताना माझे पाय हलत नव्हते, ते काकाजींमुळे की दुसऱ्या कशामुळे, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

सकाळी वेंगुर्ल्याला बोटीची फेरी संपली. काकाजी उठून बसले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "आलं का रत्नागिरी?" मी सांगितलं. त्यांना आधी समजेचना. मग समजलं. "काहून नाई उठवलं मले?"

"उठवलं. तुम्ही उठले नाही."

ते उठून कठड्याशी गेले. मग कमरेची पुडी काढली आणि पाण्यात भिरकावली.

परतीच्या बोटीने आम्ही निघालो तेव्हा काकाजींनी काहीच घेतलं नाही. एवढे हाल मी कोणा माणसाचे पाहिले नाहीत. पोटात काही नसतानाही उमासे येत होते, चेहरा राखेसारखा झाला होता, पण डोळे टक्क उघडे. दोन उमाशांच्या मधे ते म्हणत, "नद्या सांग." मी सांगायची. एखादी चुकून गाळली तर हात वर करत. "एक राहिली. अडान." 

परतीच्या बोटीवर तरी असू म्हणून रत्नागिरीला नवरा पडावात बसून थेट बोटीपर्यंत आला होता. आदल्या दिवशी सगळी माणसं उतरली आणि आम्ही नाही, म्हणून त्याने दारव्ह्यामार्फत घरी तार केली होती की पोचले नाहीत. आम्ही भेटल्यावर दुसरी केली, पोचले. घरी दोन्ही तारा एकदमच मिळाल्या. आधी कोणती हे ठरेना. अर्धं घर रडत बसलं, अर्धं साखर वाटत होतं, असं सासूबाई पुढे कितीतरी वर्षं सांगायच्या.

किनाऱ्यावर उतरून काकाजींनी पुन्हा मोजणी केली. "पेटी. गाठोडं. सूनबाई. घे, सांभाय." मग दोन पावलं चालून ते थांबले, मागे वळले. "आन् हिले मॅट्रिकले बसव."

"आँ?" नवरा म्हणाला.

"बसव म्हनलं ना. एवढ्या नद्या पाठ हायेत पोरीले."

मी पदराआडून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर दमलेपणाशिवाय काही नव्हतं. दोन दिवसांनी ते घाटावरच्या एस.टी.ने परत गेले. बोटीचं नाव काढू देत नव्हते. त्यांना निरोप देऊन घरी येताना नवऱ्याने विचारलं, "तू त्यांना काही म्हणालीस का?" मी म्हटलं, नाही. मी जागेपणी खरंच काही म्हटलं नव्हतं; म्हणजे त्यांच्या जागेपणी. नवऱ्याने तो विषय तिथेच सोडला. पण पुढच्या जूनमध्ये पुस्तकं घेऊन आला.

मी मॅट्रिक झाले, नंतर मास्तरीण झाले. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास नवऱ्याची बदली पुन्हा यवतमाळला झाली. गावी गेलं की लोक काकाजींना समुद्राविषयी विचारत असत. ते म्हणत, "पानीच पानी बाप्पा. ना चाकोरी, ना वावराचा धुरा. मानूस वाट कशी ओयखते कोन जाने." झोपेचं कोणी विचारत नसे, कारण कोणाला माहीतच नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही.

ते गेले त्याच्या आधीच्या दिवाळीत मी त्यांच्या बाजेजवळ बसले होते. आता ते दिवसाही झोपत, आणि त्याचं कोणाला नवल वाटत नव्हतं. घरातले सगळे शेतात कापूस वेचायला गेले होते. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारून टाकलं. "काकाजी, त्या दिवशी बोटीवर तुमी खरंच झोपले होते का?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.  मला वाटलं, त्यांना प्रश्न कळलेला नाही.

"मी त झोपलो होतो," ते म्हणाले. "दोन गोया खाल्ल्या होत्या मी. पन तू त जागी होती ना, माय? मंग तू काहून नाई उतरली?"

मी त्यांच्या अंगावरची गोधडी सारखी केली. 

"मले बी झोप लागली होती, काकाजी," मी म्हटलं.

त्यांनी सावकाश मान हलवली. "हाव," म्हणाले, "थे हवाच तशी होती," आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.